जानेवारी, एक्सेल शीट आणि लांबच्या ओळखी

१ जानेवारीला सकाळी मी एक एक्सेल शीट उघडली. (पीएच.डी. करणाऱ्या माणसावर कुठलंही संकट आलं की तो आधी एक्सेल शीट उघडतो.) रकाने केले: जागा, गाव, शेवटची तारीख, अर्ज केला का, उत्तर आलं का. फाइलला नाव दिलं 'नोकरी'. पहिल्या दिवशी अकरा ओळी भरल्या, दुसऱ्या दिवशी सात. ५ तारखेनंतर ती फाइल मी उघडलीच नाही.

माझी फेलोशिप ३१ मार्चला संपते. नेट-जेआरएफ मिळाली की एकूण पाच वर्षं मिळतात, पहिली दोन जेआरएफ म्हणून आणि पुढची तीन एसआरएफ म्हणून. जानेवारी २०२३ पासून ही रक्कम दरमहा ३७,००० आणि ४२,००० रुपये झाली. पुलगावसारख्या गावात ४२,००० म्हणजे घर चालतं. १ एप्रिलपासून ते शून्य, आणि प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं अजून गाईड मॅडमच्या टेबलावर. स्टेशनावर नागपूरची गाडी पकडताना शेजारचे काका भेटतात आणि विचारतात, "झालं का नाही तुयं ते पीएच.डी.? मंग आता का करशीन?" मी म्हणते, "पाहून राहिली काका." पाहणं म्हणजे ती एक्सेल शीट.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की माझा विषय संख्याशास्त्र, आणि त्यातही जाळी. कोण कोणाशी जोडलेलं आहे आणि त्या जोडणीतून काय वाहतं, म्हणजे रोग, अफवा, बातमी, हे मी आकड्यांत मांडते. पाच वर्षं दुसऱ्यांची जाळी तपासली, स्वतःच्या नोकरीसाठी मात्र वेबसाइटींवर जाहिराती चाळत बसले. हे लक्षात आलं तेव्हा जरा लाजच वाटली. म्हणून या वेळचा लेख नोकरी शोधण्यावर झालेल्या संशोधनाचा. तुमच्यापैकी निम्मे तरी याच रांगेत असाल असा माझा अंदाज आहे.

आधी जानेवारीचं बघू. नव्या वर्षी नवी नोकरी शोधायची उबळ का येते? हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी २०१४ साली यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी गूगलवर 'डाएट' हा शब्द कधी जास्त शोधला जातो ते पाहिलं, एका विद्यापीठाच्या जिममधल्या हजेऱ्या पाहिल्या, आणि लोक स्वतःशी करार कधी करतात तेही पाहिलं. तिन्हीकडे एकच गोष्ट दिसली. आठवड्याच्या सुरुवातीला, महिन्याच्या सुरुवातीला, वर्षाच्या सुरुवातीला उसळी येते. त्यांचं म्हणणं असं की अशा तारखा मनात एक रेघ ओढतात. रेघेच्या अलीकडचा मी आळशी होतो, पलीकडचा मी नवा. जुन्या अपयशाचं खातं बंद, नवीन वही सुरू.

आता यातली मेख बघा. या अभ्यासात उसळी दिसते ती सुरुवातीची. ती उसळी टिकते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. माझी एक्सेल शीट ५ तारखेला बंद पडली यात माझा काही खास दोष नाही असं मी स्वतःला समजावलं. (संशोधनाचा एक फायदा असतो, स्वतःच्या आळसाला संदर्भ देता येतो.)

शिवाय आपल्याकडे जानेवारी हा भरतीचा महिना आहे का, हाही प्रश्नच आहे. 'नव्या वर्षात नवी नोकरी' हा सूर जिथे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं तिथल्या कंपन्यांच्या हिशेबाला बसतो. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलचं. बऱ्याच खासगी नोकऱ्यांत लोक मार्चअखेरची वाढ आणि बोनस पदरात पाडून मग राजीनामा देतात, म्हणजे जागा रिकाम्या होतात त्या नंतर. कॉलेजांचं वर्ष जून-जुलैचं, तासिका तत्त्वावरच्या म्हणजे सीएचबीच्या जाहिराती त्याच सुमाराला निघतात. सरकारी भरतीला तर महिना असा नसतोच. म्हणून जानेवारीत अर्जांचा पाऊस पाडून उत्तर आलं नाही तर लगेच खचू नका. जानेवारीचा खरा उपयोग वेगळा आहे, त्याकडे शेवटी येते.

मधल्या काळात काय झालं ते सांगते. ८ तारखेला एका भरतीची जाहिरात मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली. आधी मामेभावानं पाठवली. मग घरच्या ग्रुपवर काकूनं. मग एम.एस्सी.च्या ग्रुपवर. संध्याकाळी वडिलांनी मोबाईल पुढे केला, "हे पाहिलं का?" एकाच जाहिरातीच्या चार प्रती, आणि ती जाहिरात मी आधीच पाहिलेली. घरातल्या सगळ्यांचा जीव माझ्यासाठी तुटतो, त्याबद्दल शंका नाही. पण चौघांनी मिळून नवीन माहिती किती दिली? शून्य.

हेच १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं मांडलं. 'दुबळ्या धाग्यांचं बळ' असं त्याच्या निबंधाच्या नावाचं मराठी करता येईल. गंमत म्हणजे त्याचा आधीचा खर्डा एका मोठ्या नियतकालिकानं नाकारला होता. आज समाजशास्त्रात सर्वांत जास्त उल्लेखल्या जाणाऱ्या निबंधांत तो धरला जातो. (माझाही एक पेपर दोनदा परत आलाय. मी वाट बघते आहे.)

त्यानं अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांना विचारलं, ज्यानं तुम्हाला ही बातमी दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे १६.७ टक्के निघाले. वर्षातून एकदापेक्षा जास्त पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी भेटणारे ५५.६ टक्के. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे बहुतेकांना नोकरीची बातमी जिवलगांकडून आलेलीच नव्हती. जुना सहकारी, कधीकाळचा वर्गमित्र, रस्त्यात भेटलेला कोणी, अशांकडून आली.

याचं कारण जाळ्याच्या आकारात आहे. समजा तुमची अ शी घट्ट मैत्री आहे आणि ब शीही. मग अ आणि ब एकमेकांना ओळखत असण्याची शक्यता खूप. घट्ट नाती अशी त्रिकोण करत जातात, आणि त्रिकोणात बातमी गोल फिरते. माझी जाहिरात चार वेळा आली ती याचमुळे. लांबची ओळख मात्र बहुधा दुसऱ्याच घोळक्यात उभी असते. तिच्या कानावर जे पडतं ते तुमच्या घोळक्यात कोणाच्याच कानावर पडत नाही. ती ओळख म्हणजे दोन घोळक्यांमधला पूल.

इथे माझ्यातली संख्याशास्त्रज्ञ जरा अडते. ग्रॅनोव्हेटरचे हे टक्के फक्त ५४ माणसांवरचे आहेत. आणि दुसरी अडचण मोठी आहे. समजा तुमचे जिवलग दहा आणि लांबच्या ओळखी पाचशे. मग नोकरीची बातमी लांबच्या ओळखीतून येणं हा साधा संख्येचा खेळही असू शकतो. पेटीत लाल गोट्या जास्त असल्या तर हाताला लालच जास्त लागणार, त्यानं लाल गोटी चांगली ठरत नाही. अमेरिकेतल्या लाखो फेसबुक वापरणाऱ्यांवर लॉरा गी, जेसन जोन्स आणि मोइरा बर्क यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. एकूणात पाहिलं तर नोकऱ्या दुबळ्या धाग्यांतून जास्त जुळल्या. पण एकेक धागा वेगळा काढून तोलला तर घट्ट धागा जास्त उपयोगी निघाला.

मग खरं काय? त्यासाठी प्रयोग हवा, आणि माणसांना यदृच्छेनं ओळखी वाटून देणं कोणाला जमणार? लिंक्डइनला जमलं. तिथे 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशी यादी दिसते ना, त्या यादीचं सूत्र त्यांनी वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळं ठेवलं. काहींना जवळची नावं जास्त दाखवली, काहींना लांबची. पाच वर्षं, दोन कोटींहून जास्त माणसं. त्या काळात सुमारे २०० कोटी नव्या ओळखी जोडल्या गेल्या आणि सहा लाख नोकऱ्या लागल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा निबंध आला. (आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्या दोन कोटींना ठाऊक नव्हतं. त्यावर वाद झाला, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा होता.)

निष्कर्ष ग्रॅनोव्हेटरच्या बाजूचा निघाला, पण तंतोतंत नाही. ज्यांच्याशी क्वचित बोलणं होतं ते जिवलगांपेक्षा जास्त उपयोगी. मात्र अगदीच परका माणूसही फारसा कामाचा नाही. दोघांच्या सामाईक ओळखी मोजल्या तर त्या दहाच्या आसपास होईपर्यंत फायदा वाढतो, पुढे घटू लागतो. म्हणजे तुम्हाला हवा आहे तो 'चेहऱ्यानं ओळखतो, पण घरी जाणं-येणं नाही' असा माणूस. आणखी एक गोष्ट त्यात होती, जिच्याकडे बातम्यांत कोणी फार लक्ष दिलं नाही. संगणकावर, सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या उद्योगांत लांबच्या ओळखी जास्त चालतात. ज्या उद्योगांत हे कमी, तिथे उलट घट्ट नाती उपयोगी ठरतात.

ही शेवटची ओळ वाचली आणि मला आमचे आबा आठवले.

पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची कापड गिरणी होती. स्टेशन, गिरणी आणि नंतर लष्कराचा दारूगोळा डेपो, या तिघांभोवती आमचं गाव वाढलं. आबा गिरणीत लागले ते कसे, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलंय. त्यांचे मोठे भाऊ साचेखात्यात होते. त्यांनी मुकादमाला सांगितलं, मुकादमानं आबांना आधी बदलीवर उभं केलं, आणि मग ते कायम झाले. अर्ज नाही, मुलाखत नाही. पुढे आबांनी स्वतःच्या मेहुण्याला लावलं. मुंबईच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं भरायचा, त्यांची जबाबदारीही घ्यायचा. घट्ट धागा इथे फार कामाचा, कारण मालकाला अनोळखी माणसाची खात्री कोण देणार? भाऊ देतो.

मग एक दिवस भोंगा थांबला. आबा तेव्हाचं एक वाक्य सांगतात, "ज्याले ज्याले विचारावं, तो आपल्याच रांगेत उभा." जाळ्याच्या भाषेत याचा अर्थ भयंकर आहे. आबांचा भाऊ, मेहुणा, मित्र, शेजारी, सगळ्यांचे धागे एकाच फाटकाच्या आत बांधलेले होते. फाटक बंद झालं तेव्हा नोकरी गेलीच, पण दुसरी नोकरी सांगू शकणारे सगळे कानही त्याच दिवशी बेकार झाले. आबांच्या खात्यातला एकजण त्यातून लवकर बाहेर पडला. कापसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्या एका ट्रकवाल्याशी त्याची चहापुरती ओळख होती. त्या ट्रकवाल्यानं बुटीबोरीला माणसं घेताहेत असं सांगितलं. आबा आजही म्हणतात, त्याचं नशीब. मी म्हणते, त्याचा पूल.

हीच गोष्ट मुंबईत आकड्यांत मांडली गेली आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांतली मुलं आणि त्यांची घरं यांचा अभ्यास केला. १९८२ ते २००१ या वीस वर्षांत पहिलीत गेलेली मुलं त्यांनी घेतली. (१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, म्हणजे ही वीस वर्षं नेमकी गिरणगाव ओसरण्याची.) प्रश्न असा होता की मराठी घरांतल्या कोणत्या मुलांना आईबाप इंग्रजी माध्यमात घालतात. ज्या जातींची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गिरणी-गोदीसारख्या कामगारी नोकऱ्यांत होती, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमाकडेच जात राहिले, कारण त्यांच्यासाठी जातभाईंचं नोकरीचं जाळं तयार होतं. मुलींसाठी असं जाळं नव्हतंच. त्यामुळे त्या घरांतल्या मुली इंग्रजी माध्यमात मुलग्यांपेक्षा जास्त गेल्या, आणि नव्या नोकऱ्यांच्या दारापर्यंत पोचल्या. २००६ साली हा निबंध आला. मराठी माध्यम वाईट असा याचा अर्थ काढू नका, मी स्वतः मराठी माध्यमातलीच आहे. मुद्दा असा की जे जाळं आज हात देतं तेच उद्या पायात येऊ शकतं, आणि ज्यांना ते मिळालंच नाही त्या मुली लवकर निसटल्या. आमच्या घरातही आबांनी माझ्या काकाला गिरणीत लावायचं ठरवलं होतं. आत्याचं कोणी काही ठरवलं नव्हतं. आत्या आज वर्ध्याला नर्स आहे.

आता माझ्या बंद पडलेल्या एक्सेल शीटकडे परत. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव होतं. तेही एकाच कापड गिरणीवर जगणारं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद झाली आणि अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल हे तरुण संशोधक तिथे गेले. तिथल्या ४७८ कुटुंबांच्या त्यांनी नोंदी केल्या आणि १९३३ साली पुस्तक काढलं. लाझार्सफेल्डची डॉक्टरेट गणितातली होती, हे मला उगाचच आवडतं.

त्यांनी गावच्या वाचनालयाची नोंदवही पाहिली. सगळ्यांना वेळच वेळ होता, पुस्तकांची फी माफ केली होती, तरी दोन वर्षांत नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. मग ते घड्याळ घेऊन मुख्य रस्त्याकडे बघत बसले. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका त्यांच्यापेक्षा भराभर चालत होत्या, कारण त्यांना स्वयंपाक, मुलं, धुणं होतंच. दिवसभरात काय केलं असं विचारलं तर पुरुषांना सांगता येत नव्हतं. बेकारी आली की माणसं बंड करतील असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात गाव थकून गेलं होतं.

पुढे २००९-१० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ॲलन क्रूगर आणि आंद्रेआस म्यूलर यांनी बेकारभत्ता घेणाऱ्या सहा हजारांवर लोकांना आठवड्यामागून आठवडा विचारलं, नोकरी शोधायला किती वेळ दिला? आठवडे जातात तसा तो वेळ कमी होत जातो, आणि शोधायला बसलं की मन जास्त उदास होतं असं लोकांनी सांगितलं. हे वाचताना मला ५ जानेवारी आठवली. नवीन वर्षाची उसळी संपली, उत्तरं आली नव्हती, आणि शीट उघडणं म्हणजे रिकामा रकाना बघणं झालं होतं. म्हणून मी रकानाच बदलला. 'उत्तर आलं का' काढून टाकला. तो माझ्या हातातला नाही. त्याऐवजी 'आज कोणाशी बोलले' असा केला. सकाळी नऊ ते दहा एवढाच वेळ, दहाला प्रबंध.

पण इथेच एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख 'ओळखी वाढवा, नोकरी मिळवा' असा होईल. लांबच्या ओळखी सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत. आणि ओळख नसेल तर अर्ज तरी समान तोलला जातो का? यूजीसी, म्हणजे मला फेलोशिप देणारी संस्था, तिचे एकेकाळचे अध्यक्ष सुखदेव थोरात हे आपल्याच विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. अर्ज काल्पनिक होते. शिक्षण, अनुभव तोडीस तोड, फरक फक्त नावात. कुठलं नाव उच्चजातीय वाटेल, कुठलं दलित, कुठलं मुस्लिम. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याचं गुणोत्तर दोन तृतीयांश निघालं, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणून कोणी म्हणालं की 'मला शंभर अर्ज करून उत्तर नाही', तर त्याला उत्साहाचे डोस पाजण्याआधी हे आकडे आठवा. आणि लाखो पोरं स्पर्धा परीक्षेच्याच मागे का लागतात, हेही त्यातून थोडं कळतं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे दोनशेच्या वर. पण तिथे निदान पेपर तपासणारा नाव विचारत नाही, असं माझ्या मैत्रिणीचं म्हणणं आहे. मला ते खोडता आलं नाही.

आता जानेवारीच्या खऱ्या उपयोगाकडे येते. लांबच्या ओळखीच्या माणसाला एकदम 'नोकरी आहे का' असं विचारायला जीभ उचलत नाही. चार वर्षं बोललो नाही, आणि आता काम पडलं म्हणून? ही अडचण खरी आहे. पण आपल्याकडे वर्षातले काही दिवस असे आहेत की तेव्हा विनाकारण बोललेलं चालतं. संक्रांत त्यातली सगळ्यांत मोठी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या घरी, गल्लीत, कॅम्पात हळदीकुंकवं चालतात. तिळगूळ आपण कोणाला देतो? जिवलगांना तर देतोच, पण वर्षभर न बोललेल्यांनाही देतो. भांडलेल्यांनाही.

यंदा मी आईची हळदीकुंकवाची वही घेतली आणि जाळं काढलं. ४६ नावं. कोण कोणाला ओळखतं याच्या रेघा मारल्या. आई म्हणाली, "हे का करून राहिली? तिकडं वाण भरायचं रायलं ना!" चित्र मात्र बघण्यासारखं निघालं. मावश्या, काकवा, गल्लीतल्या बायका यांचा एक दाट गोळा, सगळ्या सगळ्यांना ओळखणाऱ्या. कडेला सात-आठ एकट्या ठिपक्या. रेल्वे क्वार्टरमधल्या एक, कॅम्पातल्या बदलीवर आलेल्या दोघी, नाचणगावच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताई, आईच्या जुन्या शाळेतल्या एक बाई. वर्षातून एकदा, हळदीकुंकवालाच येणाऱ्या. ग्रॅनोव्हेटरच्या त्या २७.८ टक्क्यांतल्या.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन न बसता बाहेर थांबले. वाण वाटलं. प्रत्येकीनं विचारलं, काय शिकतेस? आधी मी 'पीएच.डी.' म्हणून सुटका करून घ्यायचे. या वेळी एक ओळ तयार ठेवली होती: "आकड्यांचं काम करते काकू, रोग कसा पसरतो याचा हिशेब लावते, मार्चनंतर नोकरी पाहिजे." रेल्वे क्वार्टरमधल्या काकू थांबल्या. त्यांची भाची पुण्याला आहे, औषधांच्या चाचण्यांचे आकडे सांभाळणाऱ्या एका कंपनीत. "ते असंच काही रोगाचे आकडे म्हणत असते," एवढंच त्यांना सांगता आलं. पाच वर्षांत माझ्या विभागातल्या एकानंही मला हे क्षेत्र सुचवलं नव्हतं. सुचवणार कसे, आम्ही सगळे एकाच त्रिकोणातले.

भाचीला मी नोकरी मागितली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण माझा पहिला खर्डा तसाच होता, बायोडेटा जोडून, 'कृपया विचार व्हावा' वगैरे. तो खोडला. समोरच्याच्या हातात नोकरी नसते, माहिती असते. जे त्याच्याकडे नाही ते मागितलं की तो गप्प बसतो. मग असं लिहिलं: "ताई, नमस्कार. पुलगावच्या तुमच्या मावशींनी नंबर दिला, संक्रांतीला आमच्याकडे आल्या होत्या. मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करते, रोगांच्या प्रसारावर. तुमचं रोजचं काम नेमकं कसं असतं, आणि माझ्यासारखीला त्यासाठी काय शिकावं लागेल, हे दहा मिनिटं सांगाल का? वेळ तुम्ही सांगा." कोण आहे, कुठून नंबर मिळाला, एक छोटा प्रश्न. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्या 'सॅस' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, मी आजवर सगळं 'आर'मध्ये केलंय. दोन्हींतला फरक समजून घ्यायला त्यांनी एक सरावाचा डेटा पाठवलाय.

काल रात्री त्यातला अर्धा सोडवला. वडिलांनी दोनदा येऊन बघितलं, प्रबंध सोडून ही भलतंच काय करतेय म्हणून. गुरुवारी संध्याकाळी साडेचारला त्यांचा फोन आहे. रथसप्तमीला अजून वेळ आहे, आणि वहीतल्या कडेच्या ठिपक्यांपैकी दोघींकडे मी अजून गेलेच नाही. उद्या नाचणगावला जाते, ब्लाउजही शिवायचंच आहे.